मुखेडचे खासरा पत्रक आणि बदललेली हार्ड डिस्क (थ्रेड)

१/ मुखेड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की आजही १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक शोधले जाते. कागद जीर्ण झाला, तरी नक्कल असल्यास नोंद टिकते. संगणकातही नियम हाच.

२/ १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या. त्यांत मावत सुमारे ५० लाख अक्षरे.

३/ १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची डिस्क आणली. पुढे डेस्कटॉपसाठी हाच आकार रूढ झाला, स्क्रूच्या छिद्रांच्या जागाही ठरल्या. म्हणूनच आजची डिस्क जुन्या कॅबिनेटमध्येही बसते.

४/ बदलली ती जोडणी. पूर्वी ४० पिनांची रुंद पट्टी होती. २००३ पासून साटाची अरुंद केबल आली. त्यामुळे निवड करताना आधी मदरबोर्ड पाहावा, मग क्षमता. जुन्या एमबीआर विभागणीत २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही.

५/ बसवण्यापूर्वी वीज तोडावी, कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. स्क्रू दोन्ही बाजूंनी आवळावेत. सैल डिस्क कंप पावते. अडीच इंची एसएसडीला ब्रॅकेट लागतो.

६/ नवी डिस्क मात्र कोरी असते. जुनी खडखडू लागताच आधी नक्कल करावी, मगच स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा. खासरा पत्रक स्कॅन करून ज्या डिस्कवर ठेवले, तीही एक दिवस थांबणारच.