आगबोटींच्या घरची सून

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुंबईच्या गुजराती पेढ्यांवर नव्या चोपड्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढावयाचा, शुभ-लाभ लिहावयाचे, वर झेंडूची दोन फुले वाहावयाची, आणि मग नव्या वर्षाचा पहिला आकडा मांडावयाचा. त्या चोपड्यात वर्षभर काय लिहिले जाणार हे पुरुषांनी ठरवावे आणि पूजेचे तबक घरच्या बायकांनी सजवावे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. भाटिया समाजातल्या एका सुनेने ती मोडली. मात्र हातातले तबक खाली ठेवून नव्हे! तबकही सांभाळले आणि चोपडाही हाती घेतला; आणि चोपडा होता तो कापडाच्या दुकानाचा नव्हे, समुद्रावर चालणाऱ्या आगबोटींचा. सुमती मोरारजी हे त्यांचे नाव.

१३ मार्च १९०९ रोजी मुंबईच्या एका धनिक भाटिया घरात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव जमुना. वैष्णवाच्या घरी मुलीला कृष्णाच्या नदीचे नाव मिळाले यात नवल नाही. लहान वयातच लग्न झाले आणि सासरी जमुनेची सुमती झाली. नाव बदलण्याची ही चाल आपल्याकडेही होतीच, म्हणून मराठी वाचकाला ती परकी वाटावयाची नाही. नवरा शांतिकुमार, नरोत्तम मोरारजी यांचा एकुलता एक मुलगा. नरोत्तम हे मोरारजी गोकुळदास यांचे चिरंजीव. मुंबईतील मोरारजी गोकुळदास मिलचे नाव कोणी ऐकले नाही? सोलापूरची ‘जुनी मिल’ही याच मोरारजी शेटजींनी उभारलेली. अर्थात सून ज्या घरात आली ते घर सुताचे, कापडाचे. पण ती आली तेव्हा त्या घराने नुकताच समुद्रात पाय घातला होता, आणि तो पाय बर्फावर पडावा तसा घसरत होता.

ही हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण ती कळल्यावाचून सुमतीबेनच्या आयुष्याचे मोल कळत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘लॉयल्टी’ नावाची एक बोट जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून वापरात होती. मूळची ती १८९१ साली बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, कॅनडा आणि अतिपूर्वेकडील बंदरे यांच्यामध्ये पॅसिफिक महासागरात फेऱ्या करणारी. १९१४ साली ग्वाल्हेरच्या महाराजांनी तिला युद्धकार्यासाठी विकत घेतले आणि राजनिष्ठेचे नाव दिले. युद्ध संपल्यावर ती विक्रीस निघाली, आणि ही संधी हेरली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. त्यांनी नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन ती बोट घेतली. १९१९ साली कंपनी निघाली. बोट ग्वाल्हेरकरांची म्हणून कंपनीला नाव दिले ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. आपल्या शिंद्यांचे इंग्रजी वळणाने झालेले ते रूप! ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या वाटेला लागली. राजनिष्ठेचे नाव मिरवणारी बोट इंग्रजी मक्तेदारीला आव्हान द्यावयास निघाली, ही गंमत त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे.

आव्हान साधे नव्हते. १८९४ साली जमशेटजी टाटांनी बोटींचा धंदा करून पाहिला होता आणि परदेशी कंपन्यांनी भाडी पाडून तो बंद पाडला होता. १९०६ साली तुतिकोरीनला चिदंबरम् पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढली. तिच्या पायी त्यांना तुरुंग भोगावा लागला आणि कंपनी बुडाली. सिंदियावरही तोच प्रयोग झाला. भाडी एवढी उतरली की मालाची वाहतूक करण्यापेक्षा बोट धक्क्याला बांधून ठेवणे परवडावे. शेवटी १९२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीशी करार करावा लागला. सिंदियाने दहा वर्षे फक्त किनाऱ्याकिनाऱ्यानेच धंदा करावयाचा, परदेशी जावयाचे नाही, आणि बोटींचे वजन पाऊण लाख टनांपलीकडे जाऊ द्यावयाचे नाही. घरच्या अंगणात खेळा, पण उंबरा ओलांडू नका, असा तो प्रकार. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली.

सुमतीबेनचा सासरचा काळ सुरू झाला तो हा असा. उंबरा ओलांडू नये हे ज्या काळात सुनेला सांगितले जाई, त्या काळात तिच्या सासऱ्याच्या बोटींनाही तेच सांगितले जात होते!

त्याच सुमारास त्या घरात गांधीजी आले. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून इस्पितळात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, सरकारने त्यांची शिक्षा माफ केली, आणि मार्चमध्ये विश्रांतीसाठी ते जुहूला नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात राहावयास आले. तेव्हाचे जुहू म्हणजे माडांची बने, वाळू आणि कोळ्यांची होडकी. पंधरा वर्षांच्या सुनेने देशाचा नेता असा घरातच पाहिला. पुढे या घराण्याचा आणि गांधीजींचा स्नेह कायम राहिला. कस्तुरबा आगाखान राजवाड्यात निवर्तल्या आणि मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले, तेव्हाही ते थकलेले शरीर घेऊन जुहूलाच शांतिकुमारांकडे आले. त्याच मुक्कामात त्यांना विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ चित्रपटाचा काही भाग दाखविण्यात आला. आपल्या शोभना समर्थ त्यात सीता झाल्या होत्या. असो.

नरोत्तम १९२९ साली गेले. कंपनीची धुरा वालचंदांनी अध्यक्ष म्हणून उचलली, आणि विशीतल्या सुमतीबेन व्यवस्थापनात बसू लागल्या. आरंभी कचेरीतल्या किती जणांनी ही शेटाणींची हौस म्हणून सोडून दिली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण आगबोटीचा धंदा हौसेचा नाही. कोळसा कोठे भरावयाचा, खलाशी कोठून आणावयाचे, विमा किती, बंदरात बोट एक दिवस अधिक राहिली तर तोटा किती, तांदूळ कोणत्या हंगामात रंगूनहून निघतो, या साऱ्याचा मेळ बसवावा लागतो. त्यात सरकार परके. किनाऱ्यावरची वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवावी असे विधेयक १९२८ साली साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात आणले, ते तसेच पडून राहिले. ही मागणी पुरी व्हावयाला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

मध्यंतरी वालचंदांनी विशाखापट्टणला जहाजबांधणीचा कारखाना मांडला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ ही तेथे बांधलेली पहिली मोठी आगबोट पंडित नेहरूंनी पाण्यात सोडली. सिंदियाच्या बोटींची नावे अशीच पाण्यावरून असत: जलआझाद, जलजवाहर, जलदूत. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर चाकरमान्यांना नेणारी-आणणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्याच कुटुंबात आली. तेव्हा गणपतीला बोटीने घरी गेलेल्या कित्येक कुटुंबांचा या घराशी नकळत संबंध आलेला आहे.

१९४६ पर्यंत सुमतीबेनच्या हाती कंपनीचा बहुतेक कारभार आला होता. सहा हजारांवर माणसे या कचेरीच्या पगारावर जगत होती. फाळणी झाली तेव्हा कराचीच्या बंदरात सिंधी निर्वासितांची गर्दी लोटली. त्यांना मुंबईकडे आणण्याच्या कामी सिंदियाच्या बोटी लागल्या आणि सुमतीबेननी त्यात मन घातले. पुढे १९५० साली वालचंद प्रकृतीमुळे बाजूला झाले, १९५३ साली वारले. विशाखापट्टणचा कारखानाही १९५२ साली सरकारकडे गेला होता.

सासऱ्यांची कंपनी, नवऱ्याचे घराणे. मग यात त्यांचा स्वतःचा पराक्रम कोणता, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वाड्याचे दार त्यांना लग्नाने उघडले हे खरेच आहे. लग्नाने न येत्या तर त्या काळी कोणत्या आगबोट कंपनीने एका बाईला दिवाणखान्यापलीकडे येऊ दिले असते? पण दुसरे एक दार लग्नाने उघडणारे नव्हते. देशातल्या बोटमालकांचा एक संघ होता, इंडियन नॅशनल स्टीमशिप ओनर्स असोसिएशन. त्यात सिंदियाचे प्रतिस्पर्धी होते. भाड्यावरून, मालावरून, सरकारी कर्जावरून ज्यांची आपसांत झुंज चाले असे व्यापारी होते. सासऱ्यांच्या पुण्याईवर मत देणारी ही मंडळी नव्हेत. त्यांनी १९५६ साली सुमतीबेनना अध्यक्ष निवडले, पुढची दोन वर्षे तेच केले, आणि १९६५ मध्ये पुन्हा त्यांनाच बसविले. बोटमालकांच्या अशा संघटनेच्या प्रमुखपदी स्त्री येण्याची जगातली ही पहिलीच वेळ. त्यांच्या मोठेपणाचे माप मी या निवडणुकीने घेतो. १९७० मधील जागतिक नौवहन महासंघाचे उपाध्यक्षपद आणि १९७१ मधील पद्मविभूषण हे त्या मागाहून आलेले.

या सुमारास सिंदियाच्या ताफ्यात ४३ जहाजे होती आणि त्यांची मालवाहू शक्ती साडेपाच लाख टनांवर गेली होती. १९२३ च्या कराराने घातलेली पाऊण लाखाची वेस आठवावी आणि हा आकडा शेजारी ठेवावा.

आता त्यांच्या भक्तीविषयी. मुंबईचे भाटिया बहुतांशी वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गातले. या मार्गात देवाची पूजा करीत नाहीत, सेवा करतात. ठाकुरजींना पहाटे उठवावयाचे, न्हाऊ घालावयाचे, ऋतूप्रमाणे वस्त्रे बदलावयाची, वेळेवर भोग आणि वेळेवर निद्रा. घड्याळाच्या काट्यावर चालणारी अशी ही माया. ज्या घरात देवालासुद्धा वेळ चुकवून जेवू घालीत नाहीत, त्या घरच्या बाईला बोटींचे वेळापत्रक अवघड गेले नसावे, असे मला आपले वाटते. जुहूला त्यांनी ‘सुमती विद्या केंद्र’ ही शाळा काढली. मुंबईतच सासऱ्यांच्या नावाने ‘नरोत्तम मोरारजी इन्स्टिट्यूट ऑफ शिपिंग’ आहे. आगबोटींच्या धंद्याचे शास्त्र तेथे शिकवितात. ज्या धंद्यातली विद्या परक्यांनी कुलपात ठेवली होती, तिच्यासाठी शाळा उघडणे हीही सेवाच.

आणि मग ते तिकीट. परदेशांत तर त्यांचे नाव बहुधा या एका तिकिटामुळेच माहीत आहे. वृंदावनात राहणारे एक वृद्ध संन्यासी, भक्तिवेदांत स्वामी, भागवताचे इंग्रजी भाषांतर छापीत होते. त्यातल्या एका खंडाला सुमतीबेननी पैशांची मदत केली होती. १९६५ मध्ये स्वामी पुन्हा आले ते वेगळेच मागणे घेऊन: अमेरिकेला जावयाचे आहे, बोटीवर फुकट जागा द्या. वय एकोणसत्तरीला टेकलेले, तिकडे ओळखपाळख जेमतेम, थंडी कडाक्याची. हा म्हातारा परत यावयाचा नाही अशीच सगळ्यांची समजूत. सुमतीबेननीही त्यांना परोपरीने जाऊ नका म्हणून सांगितले. स्वामी हलेनात. अखेर जागा मिळाली. १३ ऑगस्ट १९६५ रोजी कलकत्त्याहून ‘जलदूत’ ही मालवाहू बोट निघाली, तीत पुस्तकांच्या पेट्या आणि खिशात चाळीस रुपये घेऊन स्वामी बसले. वाटेत हृदयविकाराचे झटके आले. १७ सप्टेंबरला बोट बॉस्टनला लागली, दोन दिवसांनी न्यूयॉर्कला. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे कृष्णभक्तीचा जो संघ काढला तो ‘इस्कॉन’. जगभर त्याची देवळे झाली, आणि १९७८ च्या जानेवारीत एक जुहूलाही उघडले, मोरारजींच्या त्याच जुहूला. स्वामी त्यापूर्वी दोन महिने वृंदावनात निवर्तले होते.

भक्तांच्या लेखी हे तिकीट म्हणजे सुमतीबेनच्या आयुष्याचे सार्थक. मला त्यात त्यांचा नकारही तितकाच मोलाचा वाटतो. देवाच्या नावाने कोणी आला की डोळे मिटून होय म्हणावयाचे, असा भोळा भाव त्यांच्यात नव्हता. बोटीवर चढणाऱ्या माणसाची जबाबदारी बोट चालविणाऱ्यावर असते. आधी त्यांनी ती ओळखली आणि मगच श्रद्धेपुढे मान लवविली.

शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९७९ साली त्या सिंदियाच्या अध्यक्षा झाल्या. सत्तरीत, आणि नेमक्या उतरणीच्या वेळी. मालाच्या गासड्या-पोती खलाशांनी उचलून बोटीच्या पोटात रचावयाची, हा जुना धंदा जगभर मागे पडत चालला होता. लोखंडी पेटाऱ्यांतून माल नेणाऱ्या कंटेनरच्या बोटी आल्या. पाठोपाठ ऐंशीच्या दशकात साऱ्या जगाच्या नौवहनात मंदी पसरली. बोटी पुष्कळ आणि माल थोडा. सिंदियावर कर्जाचा डोंगर झाला. १९८७ साली कंपनीचा कारभार सरकारकडे गेला. परक्या सरकारशी साठ वर्षांपूर्वी झुंजलेली कंपनी स्वतःच्या सरकारने, कर्जापायी, ताब्यात घेतली! सुमतीबेनना मानाचे अध्यक्षपद देण्यात आले, ते १९९२ पर्यंत राहिले. ज्या कचेरीत उभे आयुष्य काढले, तेथे मानाच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी काढलेले आकडे ऐकणे यापेक्षा कष्टाचे काम त्यांना पूर्वी कधी पडले असेल असे वाटत नाही.

ही पडझड त्यांच्या निर्णयांमुळे किती आणि काळामुळे किती, हे त्या धंद्यातल्या जाणत्यांनी ताळेबंद मांडून सांगावे. आपल्यासारख्याने एवढे ध्यानात घ्यावे, की नव्या बोटी घ्याव्यात तर कर्ज वाढते आणि न घ्याव्यात तर धंदा जातो, अशा कात्रीत तेव्हा अनेक देशांतल्या जुन्या कंपन्या सापडल्या होत्या. फरक एवढाच की इतर ठिकाणी अपयशाचा धनी पुरुष होता आणि त्याला कोणी ‘बाईच्या हाती कारभार दिला म्हणून’ असे म्हटले नाही.

नव्वदीच्या उंबरठ्यावर, २७ जून १९९८ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ मुंबईहून सुटली तो ५ एप्रिल १९६४ पासून देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी बंदरातल्या बोटी भोंगे वाजवितात, भाषणांत वालचंद आणि नरोत्तम यांची नावे निघतात, आणि नरोत्तमांच्या सुनेचेही अधूनमधून निघते.