छावणी, ताडी आणि द्राक्षारस

निजाम सिकंदरजाह याच्या नावाने 1806 साली हुसेनसागराच्या उत्तरेस सिकंदराबाद ही जी वसाहत उभी राहिली, ती 1798 च्या तहान्वये ठेवलेल्या कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी होती. आणि त्या फौजेमागोमाग उपासनामंदिर व दारूचे कँटीन ही दोन्ही या माळावर आली. सेंट जॉन्स चर्च 1813 चे. रविवारी तेथे गुडघे टेकणारा गोरा शिपाई एरवी कोठे बसतो हे आसपासची रयत पाहत होती, आणि ‘किरिस्ताव म्हणजे पिणारा’ अशी जी समजूत तिने मनाशी बांधली, ती पुढे आमच्यासारख्या देशी ख्रिस्त्यांच्या कपाळी आली. मी स्वतः मद्याला शिवत नाही, आणि त्याची कारणे मला या गावाच्या पूर्वेतिहासातच सापडतात.

तिरमलगिरीच्या बराकींत वैशाखातल्या दुपारी शिपायाला काम नसे, आणि पगार खर्चायला कँटीनसारखी दुसरी जागा नसे. या दुखण्यावर इलाज शोधला तो ग्रेगसन नावाच्या आग्र्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने. 1862 साली त्याने शिपायांची मद्यवर्जक सभा स्थापिली, आणि 1888 साली सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी अशा निरनिराळ्या सभा एकत्र करून साऱ्या सैन्यासाठी एकच संस्था निर्माण केली. ठरावीक मुदत दारू वर्ज्य करणाऱ्यास तेथे पदक मिळे, आणि चहा-कॉफी घेत बसायला स्वतंत्र खोली असे. दारू सोड म्हणून उपदेश करणारे पुष्कळ. पण सोडल्यावर माणसाने संध्याकाळी जावे कोठे, याची काळजी वाहिली गेली, हे मला त्या खटाटोपातले खरे ख्रिस्तीपण वाटते.

1895 साली सिकंदराबादेस आलेले वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट हेही प्रथम याच शिपायांत वावरले, आणि मग मेदककडील खेड्यांत शिरले, जेथे त्यांनी उभारलेले विशाल कॅथेड्रल 1924 च्या नाताळात उपासनेस खुले झाले. खेड्यात मात्र गाठ होती ताडी-शिंदीशी. कमरेला दोराचा फास अडकवून ताडी काढणारा गौड झाडावर चढतो, शेंड्याजवळ खाच घेऊन मडके बांधतो. मडक्याला आतून चुना फासला असेल तर सकाळी उतरते ती गोड नीरा, आणि नसेल तर तोच रस दुपारपर्यंत फेसाळून डोक्यात चढतो. निजामाच्या दप्तरी हा रस म्हणजे अबकारीचा महसूल. मक्तेदाराने हर्राजात बोली लावावी, सरकारात रक्कम भरावी आणि ती उन्हात राबलेल्या मजुराच्या घामातून वसूल करून घ्यावी. त्या मजुराला पापी म्हणण्यापूर्वी, त्याच्या व्यसनावर कोणाकोणाची तिजोरी भरत होती याचा हिशेब मांडला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

शास्त्राचे म्हणावे तर आमच्या मराठी बायबलात ‘द्राक्षारस’ हा शब्द आहे, आणि शेजारच्या तेलुगू बायबलातही तोच. काना गावच्या लग्नातला द्राक्षारस आंबलेला नव्हताच, असे आमच्यातले काही कडवे मद्यवर्जक सांगत. मला ते पटत नाही. 1869 साली न्यू जर्सीतील टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची युक्ती योजून प्रभुभोजनासाठी न आंबणारा रस बाटलीबंद केला, तोपर्यंत तो रस फार दिवस गोड ठेवण्याची सोयच सामान्यांना नव्हती. आणि मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांच्या 1743 च्या नियमांतही निषेध आहे तो मद्यपीपणाचा आणि उग्र दारूचा. परंतु आपल्या मोकळीकीमुळे दुबळ्या भावाची वाट अडू नये, हा जो विचार पौलाने रोमच्या मंडळीपुढे ठेवला, तो छावणीशेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला पुरेसा आहे. गांजा-अफूचा उल्लेख शास्त्रात नाही. पण जे विवेकाला गुंगी आणते त्याला हाच न्याय लागतो. कायद्याचे म्हणावे तर 16 जानेवारी 1995 रोजी आंध्रात संपूर्ण दारूबंदी झाली आणि 1997 साली उठली. कायद्याने जे दोन-अडीच वर्षेच टिकले, ते घराघरांत कसे टिकवावे हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो.

27 सप्टेंबर 1947 रोजी अँग्लिकन, मेथडिस्ट आदी मंडळ्या एकत्र येऊन दक्षिण भारताची मंडळी झाली, आणि खरी वाइन व न आंबलेला रस या दोन्ही चाली एका छपराखाली आल्या. आमच्या घरी रसाचीच चाल होती. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री आई काळ्या मनुका पितळी पातेल्यात भिजत घाली, पहाटे कंदिलाच्या उजेडात त्या हाताने कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळी, आणि तो गढूळ तांबडा रस बाटलीत भरून पदराखाली धरून चर्चला नेई. वेळ मिळाला तरी शुक्रवारी मनुका ती कधी भिजवीत नसे. रविवारपर्यंत रसाला फेस येतो, असे ती म्हणे.