शिलींध्राची ओळख

मेघाच्या गडगडाटाबद्दल कालिदासाने पूर्वमेघाच्या ११व्या श्लोकात एक गोष्ट सांगितली आहे. या गर्जनेने जमिनीतून शिलींध्रे वर येतात आणि धरणी वांझ राहत नाही. हीच गर्जना ऐकून मानससरोवराच्या ओढीने निघालेले राजहंस कैलासापर्यंत तुला सोबत करतील, असे यक्ष मेघाला सांगतो. राजहंसांवर आपल्या रसिकांनी पानेच्या पाने लिहिली. शिलींध्र मात्र बिचारे बांधावरच राहिले.

शिलींध्र म्हणजे नेमके काय? संस्कृत कोशांत अळंबी हा अर्थ मिळतो आणि केळफूल हाही मिळतो. मल्लिनाथ आपल्या टीकेत शिलींध्राचा अर्थ 'कंदली' असा देतो, म्हणजे पावसाळ्यात फुलणारी एक वनस्पती. इतक्या मोठ्या टीकाकाराच्या शब्दापुढे माझ्यासारख्या घरी बसून संस्कृत शिकलेल्या माणसाने बोलू नये हे खरे. पण याच काव्यात दहा श्लोक पुढे कालिदास स्वतः 'कंदली' हा शब्द वापरतो. तिथे पाणथळ काठावरच्या कंदलींना पहिल्या कळ्या आल्या आहेत आणि हरणे त्यांच्याकडे बघत आहेत. कवीच्या हाताशी कंदली होती, तिला कळ्या असतात हेही त्याला ठाऊक होते. गडगडाटाने एकाएकी जमीन फोडून वर येणाऱ्या वस्तूसाठी त्याने वेगळा शब्द निवडला, आणि त्या वस्तूला ना पान दिले ना कळी. माझ्या मते ती अळंबीच.

मल्लिनाथाने याच ठिकाणी निमित्तशास्त्रातले एक वचन दिले आहे. काळ्या ढगांच्या योगाने उगवलेली शिलींध्रे यंदा जमीन पिकणार असे सांगतात, असा त्याचा आशय. हे वचन रिसोडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे आज सोयाबीन आणि तूर आहे, पण आभाळाकडे डोळे लावण्याची रीत तीच. हा यक्ष राहतो तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडले. वाशीम हे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेव्हा या श्लोकातला पाऊस आमच्याच मुलखावर पडला असावा, असे मानायला मला आवडते. पुरावा म्हणून नव्हे.

वैद्यांनी ही वस्तू अधिक जवळून पाहिली. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात अळंब्यांचे पाच प्रकार केले आहेत: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि भुईवरची. प्रत्येकीचे गुण वेगळे. भुईवरची पचायला जड, आणि जशी जमीन तशी तिची चव, असे तो म्हणतो. आकार, रंग यांचा या वर्गीकरणात पत्ताच नाही. उगवायची जागा हीच ओळख. चरक छत्रजातींतून फक्त 'सर्पच्छत्रक' वगळतो आणि बाकीच्यांना गोड, थंड, जड आणि पडसे आणणाऱ्या म्हणतो. साप इकडे आणि कुत्र्याची छत्री तिकडे: नको असलेल्या अळंबीला प्राण्याचे नाव चिकटवण्याची सवय बरीच जुनी दिसते. मनुस्मृतीने तर लसूण-कांद्याच्या पंगतीत बसवून 'कवक' द्विजांना वर्ज्यच करून टाकले. तोच शब्द आज शाळेच्या पुस्तकात मुलांकडून पाठ करून घेतला जातो.

जागेवरून ओळख ठेवणारे हे शहाणपण गावांत टिकले. पूर्व विदर्भात सात्या आणि टेकोडे, गोव्यात वारुळावरची ती रोण ओळमी. आमच्या भागात गुरे चारणाऱ्या एका आजीबाई मला म्हणाल्या होत्या, "मूय हाताले लागल्याबिगर घेऊ नोको." या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ पुढे, पुस्तकांतून कळला.

वारुळातली वाळवी पालापाचोळा चावून त्याचे मऊ, जाळीदार ढेकूळ बनवते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. पाऊस झाला की त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. मोठ्या जातींत छत्रीच्या दांड्याला खाली एक लांब शेपटी असते, ती थेट त्या ढेकळापर्यंत जाते. आजीबाईंचे 'मूय' ते हेच. वाळवीची ही शेती शास्त्राच्या नोंदीत आली ती भारतातून. योहान कोनिग हा लिनियसचा शिष्य १७६८मध्ये तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला आला. वाळवीच्या घरातल्या बुरशीचे वर्णन त्याने १७७९मध्ये छापले. या प्रजातीला 'टर्मिटोमायसिस' हे नाव मिळायला मात्र १९४२ साल उजाडले. ते फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी दिले. माळावरच्या वारुळांवर आणखी एक पाहुणा दिसतो: पांढरा, उंच, कधीच न उघडणारी टोपी घातलेला, आणि पिकला की आत काळी भुकटी. हा 'पोडॅक्सिस'. लिनियसने १७७१मध्येच त्याचे नामकरण केले होते.

मग मधली दीडशे-दोनशे वर्षे अळंब्यांची फारशी विचारपूस का झाली नाही? माझे मत असे की, सरकारने पैसा लावला तो पीक खाणाऱ्या बुरशीवर. माणसे जी बुरशी खातात तिच्यावर नाही. एडविन बटलर यांनी तुरीच्या मर रोगाची बुरशी १९१०मध्ये वर्णिली. आमच्या तुरी अजूनही त्याच रोगाने वाळतात, त्यामुळे मी तक्रार करणार नाही. पण तांबेरा आणि काणीच्या मानाने छत्रीला कोण विचारणार! महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजले. शं. पु. आघारकरांनी १९४६मध्ये उभारलेल्या संस्थेत अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे, आणि साठे व देशपांडे यांचे महाराष्ट्रातल्या अळंब्यांवरचे काम १९८०च्या सुमारास तिथूनच प्रसिद्ध झाले.

शास्त्राने ओळखीची जागा बदलली. छत्रीच्या वरच्या रंगाऐवजी खालचे पडदे, त्यांतून गळणारी भुकटी आणि जमिनीतला बुडखा यांवर भर आला. टोपी कापून पांढऱ्या-काळ्या कागदावर पालथी ठेवावी, वर वाटी झाकावी. सकाळी भुकटीचा ठसा मिळतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर. पावसाळ्यात गवतात आणि अंगणात तिच्यासारखीच भरघोस पांढरी छत्री येते, तिचा ठसा मळकट हिरवा. ती खाल्ली की दोन-तीन तासांत ओकाऱ्या सुरू होतात. गुलाबी ठसा काही विषारी जातींचाही असतो, म्हणून नुसत्या ठशावर विसंबता येत नाही. शेपटी, टोपीच्या मध्यावरचे टोक, वारूळ, सगळे जुळावे लागते. सर्वांत घातक अमानिता. तिच्या बुडाशी जी पिशवी असते ती मातीतच राहते. वरून खुडणाऱ्याला ती दिसत नाही, उकरणाऱ्याला दिसते.

चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षा अजून सांगितल्या जातात. त्या सगळ्या खोट्या आहेत. अमानिताचे विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास माणूस ठणठणीत असतो, मग जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि तोवर यकृत गेलेले असते.

जागेवरून ओळखणारे ज्ञान त्या जागेपुरतेच खरे असते, हा त्यातला अवघड भाग. गोंदिया-गडचिरोलीकडची बाई मजुरीसाठी दूरच्या शहरात जाते, तिथल्या बांधकामामागच्या गवतात तिला ओळखीची छत्री दिसते. तिच्या गावी तशी दिसणारी एकच असेल. इथे दोन आहेत. सुश्रुताच्या पाच जागांत ही जागा नाही. आणि आमच्याकडे तर उलटेच चालले आहे: माळ नांगरला जातो, वारुळे ट्रॅक्टरखाली सपाट होतात, आणि मूळ हाताला लागेल अशी छत्री बघायला आता बांधच्या बांध पालथे घालावे लागतात.