संगणकाची मंदगती (घरगुती)

संगणक घेतल्यावर काही वर्षांनी तो सुरू व्हायला, फाइल उघडायला किंवा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागतो. त्या अवस्थेसाठी ही संज्ञा वापरली आहे. घरोघरी तिला ‘स्लो झालाय’ किंवा ‘हँग होतोय’ म्हणतात. खरे तर हँग होणे म्हणजे पूर्ण अडकून बसणे, पण बोलताना दोन्हीला एकच शब्द चालतो आणि दुरुस्ती करणाऱ्याची पहिली पंचाईत तिथेच होते. मंद कशाला म्हणावे याची ढोबळ मापे आहेत. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आणि याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये रूढ केलेल्या मर्यादांनुसार दशांश सेकंदात मिळालेला प्रतिसाद माणसाला तात्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. घरगुती संगणक या मर्यादा ओलांडतो तो बहुधा हिशेब करून दमल्यामुळे नाही. त्याचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, माहिती येण्याची वाट पाहत रिकामा बसलेला असतो. म्हणून उपायाआधी वाट कशाची पाहिली जाते ते शोधावे लागते. ‘साफसफाई’ या नावाखाली जे प्रकार चालतात त्यांतले बरेचसे या प्रश्नाला हातच लावत नाहीत.

वाट पाहणे किती मोठे असते ते आकड्यांत पाहावे. प्रक्रियकाला मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तीच फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर १० मिलिसेकंद किंवा जास्त. फरक एक लाख पटीचा. रॅमच्या फेरीला एक सेकंद धरला तर डिस्कची फेरी सव्वा दिवसाच्या आसपास जाते. कारण सरळ यांत्रिक आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा वाचकशीर्षाखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, आणि त्याआधी शीर्षाचा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-दहा मिलिसेकंद. अशा हिशेबाने विखुरलेले तुकडे सेकंदाला सत्तर-ऐंशीच हाती लागतात. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर त्याहूनही कमी. एसएसडी म्हणजे चिपांवरचा साठा, त्यात फिरणारे काही नसते. साध्या साटा प्रकारच्या एसएसडीलाही एका तुकड्याला दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. ही दरी सांधण्यासाठी संगणक वारंवार लागणाऱ्या गोष्टी आधीच जवळ आणून ठेवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरवर चाकसू आहे. तिथल्या शील की डूंगरीवर शीतलामातेची जत्रा भरते तेव्हा घरोघरी आदल्या दिवशी रांधून ठेवलेलेच खातात, चूल पेटवत नाहीत. तिकडच्या पंचांगात ती चैत्र वद्य अष्टमी, आपल्या अमान्त गणनेत फाल्गुन वद्य अष्टमी. कॅशेची युक्ती तशीच : कालचे शिजवलेले हाताशी असले की चुलीपर्यंत जायचे कारण उरत नाही. मात्र मांडणीवर जागा हवी. रॅम अपुरी पडली की कॅशे आधी बाहेर फेकली जाते.

रॅम अपुरी का पडते याचे उत्तर संगणकाच्या म्हातारपणात नाही, त्याच्यावर चढवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. १९९५ च्या विंडोज ९५ ची किमान गरज ४ मेगाबाइट रॅम होती, २०२१ च्या विंडोज ११ ची ४ गिगाबाइट. सव्वीस वर्षांत हजार पट. पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार नोंदवली होती की, यंत्रे वेगवान होतात त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होते. ‘विर्थचा नियम’ म्हणून ते विधान फिरते. रॅम भरली की विंडोज तिच्यातला न लागणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहून ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे जे काम नॅनोसेकंदांत व्हायचे ते मिलिसेकंदांवर जाते. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवून ४ जीबी रॅमवर मराठी टंकलेखन केले की अक्षर दाबल्यावर पडद्यावर उमटेपर्यंत जो खंड पडतो, तो बहुधा हाच असतो.

घरात लोखंडी पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात, त्यामुळे संगणक रेंगाळला की दोषही सीपीयूवर जातो आणि ‘आय फाइव्ह घ्या, आय सेव्हन घ्या’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला कुठे चुकतो ते जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या तत्त्वाने कळते : एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवला, तरी एकूण वेळेत त्या भागाचा जो वाटा असेल त्याहून जास्त बचत होत नाही. समजा, यंत्र वापरण्याजोगे व्हायला १०० सेकंद लागतात आणि त्यांतले ९० डिस्कची वाट पाहण्यात जातात. दुप्पट वेगाचा प्रक्रियक घातला तर १० चे ५ होतील, एकूण ९५. त्याऐवजी दहा पट वेगाचा साठा घातला तर ९० चे ९ होतील, एकूण १९. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हार्डडिस्कवर चालणाऱ्या घरगुती संगणकाचे प्रमाण याच बाजूला झुकते.

ते पडताळायला विकतचे काही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. जुन्या लॅपटॉपवर सुरुवातीच्या पाच मिनिटांत तिथे अनेकदा असे चित्र दिसते : सीपीयू १५ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि डिस्कच्या आलेखाखाली प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबाइट. शंभर टक्के व्यग्र असून इतके कमी हाती येते, कारण दांडा सारखा इकडून तिकडे धावतो आहे. अशा यंत्राला एसएसडी हाच उपाय. डिस्क शांत, पण मेमरीचा रकाना ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम वाढवावी. सीपीयूच शंभरावर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातो ते त्याच यादीत वर दिसते. बहुधा अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट किंवा एखादे उघडे राहिलेले संकेतस्थळ. डिस्कमधून ‘कट-कट’ आवाज येत असेल तर मात्र वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढावी. खराब होत चाललेली डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचते आणि त्यानेही संगणक रेंगाळतो.

आता रूढ उपायांकडे. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून चार-पाच वेळा ‘रिफ्रेश’ करण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की, ते केल्याशिवाय अनेकांचा हात पुढे सरकत नाही. त्याने चिन्हे पुन्हा रेखली जातात, रॅमचा एक बाइटही मोकळा होत नाही. ‘रन’मध्ये ‘टेम्प’ आणि ‘प्रीफेच’ टाइप करून सगळे उडवणे हा दुसरा प्रकार. टेम्प उडवल्याने जागा मिळते आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर उपयोगही होतो. प्रीफेच उडवणे मात्र उलटे पडते, कारण कोणता प्रोग्रॅम उघडताना काय लागते याची टिपणे तिथे असतात आणि ती गेली की पुढची सुरुवात थोडी मंदच होते. रजिस्ट्री क्लीनर वापरण्यास मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देत नाही. घाबरवणारे इशारे दाखवून पैसे मागणारे क्लीनर आपले डिफेंडर हे अँटिव्हायरस काढून टाकेल, असेही तिने २०१८ मध्ये जाहीर केले. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग करणे, हार्डडिस्कला उपयोगी आहे, पण विंडोज ते ठरावीक काळाने स्वतःच करते. एसएसडीला त्याची गरज नाही, झालीच तर व्यर्थ झीज होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : फॉरमॅट मारून घेतला की संगणक खरोखरच पळतो, मग साचलेल्या कचऱ्याने संगणक मंदावतो हे म्हणणे चूक कसे? अनुभव खरा आहे. फॉरमॅटनंतर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम नाहीसे होतात, डिस्कवरच्या फाइली सलग लिहिल्या जातात, म्हणजे वाट पाहणेच कमी होते. पण प्रिंटरचे सॉफ्टवेअर, दोन-तीन मेसेंजर आणि क्लाउडचे प्रोग्रॅम पुन्हा बसवले की काही महिन्यांत गाडी मूळपदावर येते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप रकान्यात ते अर्ध्या तासात बंद करता येतात आणि त्यासाठी घरातली दहा वर्षांची कागदपत्रे पणाला लावावी लागत नाहीत.

साफसफाई शब्दशः लागू पडते ती एका ठिकाणी, आणि तिथे भूगोल मध्ये येतो. चाकसूच्या परिसरात मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि आंधी आली की बारीक वाळू बंद खिडकीतूनही आत येते. विदर्भातला उन्हाळा याहून फार सौम्य नाही. लॅपटॉपमधल्या अनेक प्रक्रियकांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचताच चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. खोली २५ अंशांवर असताना चिप आणि हवा यांत ७५ अंशांचे अंतर मिळते, ४२ अंशांवर ५८ चेच. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण उष्णता बाहेर काढण्याची ताकद जवळजवळ पाव भागाने घटते. त्यावर जाळीत धुळीचा नमदा बसला असेल तर काय उरते याचा अंदाज करावा. कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवल्याने हवा गार मिळते, पण ओलाव्यामुळे तीच धूळ घट्ट चिकटते. खूण अशी : सकाळी ठीक, दुपारी रडत चालणारा संगणक आणि टास्क मॅनेजरमध्ये दहा मिनिटांनी खाली आलेला गिगाहर्ट्झचा आकडा. यात एसएसडी काही करू शकत नाही. पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने जाळी मोकळी करणे आणि प्रक्रियकावरची सुकलेली पेस्ट बदलणे हाच इलाज.

कंपन्या मुद्दाम यंत्रे मंद करतात, हा संशय अगदीच निराधार नाही. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग उतरवला जातो, हे अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, अचानक बंद पडू नयेत म्हणून असे कारण देऊन. लगेच जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रक्रियकांतल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांवरच्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रक्रियकांचा वेग काहीसा घटला, आणि तिथे हेतू सुरक्षेचा होता. तरीही घरातल्या यंत्राची मिनिटामिनिटांची रखडपट्टी यातून निघत नाही. ती डिस्कच्या रकान्यात डोळ्यांना दिसते.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. मग जुन्या यंत्रात एसएसडी घालून काय साधणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. सुरक्षा दुरुस्त्यांविना बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरेच. पण त्याच यंत्रावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती किंवा सी-डॅकची बॉस ही डेबियनवर आधारलेली प्रणाली चालते, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठीही लिहिता येते. अडते ते श्रीलिपीवर वर्षानुवर्षे मजकूर बसवणाऱ्या डीटीपीवाल्याचे किंवा टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याचे. त्याला लिनक्सचा सल्ला देणे म्हणजे पोटापाण्याचे हत्यार बदलायला सांगणे. काही यंत्रे तर या सगळ्याच्या पलीकडची असतात. रॅम मदरबोर्डला डाखलेली, साठा ३२ जीबीचा आणि तोही डाखलेल्या ईएमएमसी चिपचा, असे स्वस्त लॅपटॉप बरेच विकले गेले. त्यांत बदलण्याजोगे काहीच नाही, आणि विकत घेताना खोक्यावरच्या बारीक अक्षरांत ‘ईएमएमसी’ लिहिलेले असते.