जिनरिकिशा ते ई-रिक्षा

बऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक लालबागेत आहे आणि जुने गाव तेथून काही किलोमीटर दूर, तटबंदीच्या आत. हे मधले अंतर कशाने कापावे, हा प्रश्न येथे उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशापुढे आजवर उभा राहत आला आहे. आमच्या लहानपणी टांगा हेच त्याचे उत्तर होते. पुढे सायकलरिक्षा दिसू लागल्या, मग टेंपो आणि ऑटोरिक्षा आल्या. आता स्थानकाबाहेर पाऊल टाकताच शनवाऱ्याच्या नावाने हाक देणारा बहुधा ई-रिक्षावाला असतो. तिच्यात प्रथम बसलो तेव्हा गाडी निघाली हे मला कळलेच नाही. शेजारचा प्रवासी हसून म्हणाला, ‘‘निघालो की, साहेब!’’

बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यात धुराचा, खनिज तेलाच्या आयातीचा आणि हवामानबदलाचा विचार असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु असे लेखन बहुतांशी मोटारगाडीभोवती फिरते. आपल्याकडच्या मध्यम गावांत जे वाहन खरोखर रुजले ते तीन चाकांचे आहे, आणि त्याचे पूर्वज शोधू गेल्यास मोटारगाडीच्या कारखान्यापेक्षा पालखीच्या दांडीपाशी जावे लागते. या लेखात त्याच वंशावळीचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

बऱ्हाणपूर हे सुरत-आग्रा मार्गावरचे मोठे ठाणे होते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात येथे आला व शाहजादा परवेझला भेटला. त्यानंतर काही दशकांनी फ्रेंच जवाहिर ताव्हेर्निए या गावातून गेला. त्या काळी प्रवाशाला बैलगाडी किंवा पालखी यांतून निवड करावी लागे. पालखीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन माणसे असत, आणि घाई असेल तर बदलीची माणसे धरून बारा भोई घ्यावे लागत, असे ताव्हेर्निएच्या वर्णनात आहे. सहा माणसांच्या खांद्यावर एक माणूस, हा त्या काळच्या सुखी प्रवासाचा हिशेब. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल. योगायोग असा की, त्याच 1615 च्या सुमारास खान-इ-खानान अब्दुर्रहीम याच्या आश्रयाने आमच्या गावी कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर गावात आणण्याची ती योजना होय. पाण्याचे ओझे ज्या गावाने चारशे वर्षांपूर्वी युक्तीने उतरवले, त्या गावात माणसाचे ओझे मात्र माणसाच्याच अंगावर राहिले. अर्थात ते सर्वच गावांत राहिले.

रिक्षा हा शब्द मूळचा जपानी आहे. 1869 च्या सुमारास जपानात माणसाने ओढायची दुचाकी गाडी रस्त्यावर आली आणि तिला ‘जिनरिकिशा’ असे नाव पडले. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकि’ म्हणजे बळ आणि ‘शा’ म्हणजे गाडी. ही गाडी सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी व कलकत्त्यात पोचली, तेव्हा लोकांच्या तोंडी त्या नावाचा पहिला भाग गळून गेला. शब्दातून माणूस गेला, गाडीच्या दांड्यांमधून मात्र तो गेला नाही. 1930 नंतर सायकलरिक्षा आली, तेव्हा तो दांड्या सोडून पायटे मारू लागला, एवढाच फरक झाला.

बॅटरीचा इतिहास याच काळात युरोपात घडत होता. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी बनवली. 1881 मध्ये कामिय फोर याने तिची धारणशक्ती वाढवली आणि त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे याने पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवरची गाडी चालवून दाखवली. ती गाडी तीन चाकांची होती. एकोणिसावे शतक संपताना लंडन व न्यूयॉर्क येथे विजेच्या भाडोत्री गाड्या धावत होत्या, आणि 1900 मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या 4,192 मोटारगाड्यांपैकी 1,575 विजेच्या होत्या. पेट्रोलच्या होत्या अवघ्या 936, उरलेल्या वाफेच्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, रस्ते लांब झाले आणि शिशाचे जड ओझे वाहत दूर जाणे विजेच्या गाडीला परवडेना. शेवटचा घाव 1912 चा. पेट्रोलगाडी हाताने हँडल फिरवून सुरू करण्याचा त्रास चार्ल्स केटरिंगच्या विद्युत स्टार्टरने नाहीसा केला, आणि त्या स्टार्टरला वीज पुरवत होती तीच शिसे-आम्ल बॅटरी! स्वतःची गाडी गमावून ती प्रतिस्पर्ध्याच्या घरी चाकरीला राहिली आणि शतकभर तेथेच होती.

आपल्याकडे विजेवरचे वाहन आले ते तारेला बांधलेले. मुंबईत 1874 पासून घोड्यांची ट्राम होती, 1907 मध्ये ती विजेची झाली आणि 1964 मध्ये बंद पडली. 1962 ते 1971 या काळात तेथे ट्रॉलीबसही चालल्या. 1925 मध्ये बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची आगगाडी धावली. परंतु तारेला महानगर लागते. शनवारा किंवा इतवाऱ्याच्या गल्लीत कोणी तार टाकणार नव्हते.

या गल्लीचा विचार महाराष्ट्रात ज्या एका ठिकाणी गांभीर्याने झाला ते ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातील फलटण. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्था बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका आणि इरावती कर्वे यांच्या कन्या, तेव्हा हे घर साहित्यप्रेमींना परके नाही. अमेरिकेत शिकलेले डॉ. अनिल राजवंशी 1981 मध्ये या संस्थेत आले. कृषी संस्थेने रिक्षाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. राजवंशींची दृष्टी अशी की, ग्रामीण व गरीब माणसाच्या हातातील साधनावर उच्च विज्ञान खर्च व्हावे. सायकलरिक्षा त्यांनी तपासली तेव्हा कित्येक दशकांत तिच्यात जवळजवळ काहीच सुधारणा झालेली नाही असे आढळले. तिला गिअर नव्हते, ब्रेक काय तो पुढच्या चाकाला, आणि बांधणी विनाकारण जड होती. देशात लाखो माणसे रोज जे यंत्र चालवत होती त्याकडे एकाही अभियंत्याने नीट पाहिले नव्हते, यापेक्षा मोठा अभिप्राय आपल्या तंत्रशिक्षणावर कोणता असू शकेल? फलटणला तीन नमुने तयार झाले: सुधारित सायकलरिक्षा, मोटरचे साहाय्य असलेली सायकलरिक्षा आणि पूर्णपणे बॅटरीवरची ‘इलेक्शा’. या कामाचा वृत्तान्त 2002 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे रस्तोरस्ती ई-रिक्षा दिसण्यापूर्वी कितीतरी वर्षे फलटणला ती कल्पना चाकांवर उभी होती. याच सुमारास, 1999 मध्ये, महिंद्र कंपनीने ‘बिजली’ ही तीनचाकी आणली, 2001 मध्ये बंगलोरहून ‘रेवा’ ही छोटी मोटारगाडी निघाली. ‘बिजली’ काही वर्षांतच बंद झाली. फलटणची इलेक्शाही मोठ्या कारखान्यापर्यंत पोचली नाही.

पोचली ती वेगळीच गाडी. 2010 च्या सुमारास दिल्लीत चिनी सुट्या भागांची जुळणी करून बनवलेल्या ई-रिक्षा दिसू लागल्या. त्यांना परवाना नव्हता आणि क्रमांकही नव्हता. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी 25 किलोमीटरहून कमी वेगाच्या बॅटरी-वाहनाला मोटार वाहन मानू नये, असा एक नियम होता. त्याच्या आडोशाने या गाड्या धावत, वास्तविक त्यांच्या मोटरी त्याहून बऱ्याच मोठ्या होत्या. 31 जुलै 2014 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली आणि हजारो कुटुंबांची चूल एका दिवसात अडचणीत आली. मग केंद्राने नियम बदलले आणि 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘ई-रिक्षा’ व ‘ई-कार्ट’ हे शब्द कायद्यात आले. शक्ती 4,000 वॅटपर्यंत, वेग ताशी 25 किलोमीटर, चार प्रवासी. मालवाहू ई-कार्टला 310 किलोची मर्यादा. संशोधकाच्या सुबक यंत्राला कायद्याने कप्पा दिला नाही, पण नियम मोडून रस्त्यावर आलेल्या ओबडधोबड गाडीने तो मिळवला. हे काही भूषणावह नव्हे, पण झाले ते असे.

आता तो पालखीचा हिशेब. धडधाकट माणूस दिवसभर साधारण 75 वॅट शक्तीने श्रम करू शकतो असे मानतात. आठ तासांत ते 0.6 युनिट विजेएवढे होतात. साध्या ई-रिक्षाच्या आसनाखाली 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. प्रत्येकी 100 अँपिअर-तास धरल्यास मिळून 4.8 युनिट वीज साठते. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, म्हणून चार-पंचमांश भागच वापरात येतो असे समजले तरी ते सहा माणसांच्या दिवसभराच्या श्रमांहून थोडे अधिक भरते. ताव्हेर्निएचे सहा भोई आसनाखाली बसले आहेत, आणि त्यांचा दिवसाचा खर्च तीन-चार कप चहाएवढा आहे.

तरीही ‘जिन’ गाडीतून पूर्णपणे उतरला नव्हता. रायगड जिल्ह्यातील माथेरान हे याचे मराठी मुलखातील उदाहरण. तेथे मोटार वाहनांना मज्जाव आहे, आणि 4 फेब्रुवारी 2003 रोजी तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. दस्तुरी नाक्यापासून पुढे जायचे तर पाय, घोडा, छोटी आगगाडी किंवा हातरिक्षा. लाल मातीच्या चढावर एकाने पुढून ओढायचे आणि मागून दुसऱ्यांनी रेटायचे. अशा 94 परवानाधारक रिक्षा तेथे होत्या. शुद्ध हवेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात ती हवा धापा टाकत कोणी घ्यायची, हा प्रश्न हौशी पर्यटकाला सहसा पडत नसे. रिक्षा ओढणाऱ्यांनाच तो पडला आणि बॅटरीवरची रिक्षा द्या अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. घोडेवाल्यांचा विरोध होता, तो पोटापुरता समजण्यासारखा होता. पर्यावरणप्रेमींनाही भीती होती की एक वाहन आत आले की मागोमाग दहा येतील. डिसेंबर 2022 मध्ये मोजक्या ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि शाळेची मुलेही त्यांतून जाऊ लागली. लगेच दुसरा वाद उभा राहिला: या गाड्या चालवणार कोण, ठेकेदार की रिक्षा ओढणारे? 2024 मध्ये न्यायालयाने 20 ई-रिक्षांची मर्यादा घातली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असे बजावले. 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, हे आपल्या अमरावतीचे, यांच्या पीठाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा, आणि गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर त्या लोकांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. त्या निकालात 1980 च्या आझाद रिक्षाचालक संघटना खटल्याचे स्मरण आहे. रिक्षा चालवणाराच तिचा मालक व्हावा म्हणून न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हा कर्जाची वाट काढून दिली होती.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा येथे आहे. ओझे उतरवणारे यंत्र निघणे आणि ते ओझे वाहणाऱ्याच्या मालकीचे होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये पुष्कळ वर्षे जातात, आणि कधी कधी माणूसच मधल्या मध्ये गळून पडतो.

मोठी वाहने या वाटेवर उशिरा आली. मुंबईच्या बेस्टने 2017 मध्ये बॅटरीवरच्या बसगाड्या घेतल्या. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी ज्या पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली होती, त्याच रस्त्यावर 1 जून 2022 रोजी विजेची ‘शिवाई’ निघाली. या बसमध्ये शिसे नसते, हलकी लिथियम बॅटरी असते, जिच्या शोधासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. आग्र्याला ताजमहालाजवळ पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना बंदी असल्याने पर्यटक बॅटरीच्या गाडीतूनच दारापर्यंत जातात. जिच्यासाठी तो ताज उभा राहिला ती मुमताज 1631 मध्ये आमच्या बऱ्हाणपुरात वारली, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

गेल्या उन्हाळ्यात लालबागेहून येताना ज्या ई-रिक्षात बसलो तिचा चालक साठीच्या पुढचा होता. तरुणपणी तो यंत्रमागांसाठी सुताचे गठ्ठे हातगाडीवरून ओढत असे. गाडी त्याची स्वतःची नव्हती. रोजचे भाडे मालकाला द्यावे लागे आणि घराचे मीटर दुसऱ्याच्या नावाचे असल्याने रात्री चार्जिंगही मालकाच्याच छपरात. बॅटऱ्यांना एक वर्ष झाले होते. आता बदलाव्या लागतील, जुन्या भंगारवाला नेईल, असे तो म्हणाला. ते शिसे कोठे वितळते आणि त्याचा धूर कोणाच्या अंगणात जातो, हे मी त्याला विचारले नाही. छाती आता दुखत नाही, हे मात्र त्याने न विचारता सांगितले. शनवाऱ्याला मला उतरवल्यावर त्याने मागचे आसन उचलले आणि बाटलीतले पाणी एकेका बॅटरीत बेताने ओतू लागला. पुढची फेरी मिळेपर्यंत त्याला तेवढीच उसंत होती.