बखर नको, शकावली हवी : कंपवाताच्या नोंदींचा इतिहास

मंडळी, पोलादपुरात इतिहासावर बोलायचं तर रायगड टळत नाही. शिवकाळ आपल्याला दोन तऱ्हेच्या कागदांतून कळतो. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर जिंजीला, आठवणीतून लिहिलेली. जेधे शकावलीत मिती आणि घटना, एवढंच. आज आपण हा फरक एका आजाराला लावून पाहू.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांवर. त्यातले दोघे रस्त्यात भेटलेले, एक तर नुसता लांबून पाहिलेला. तेवढं पुरलं, कारण आजार सावकाश वाढत जायचा. तासातासाचा हिशेब ठेवण्याचं फारसं कारण नव्हतं.

ते कारण औषधानं आणलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झिआस यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेली माणसं चालू लागली. (आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण चूर्ण मनानं घेऊ नये, त्यात मात्रा कळत नाही.) काही वर्षांत मात्र गोळीचा अंमल आखडू लागतो. अंमल असला की 'ऑन', उतरला की 'ऑफ', आणि कधी अंग आपोआप वळवळतं. एका दिवसात एकाच घरात जणू तीन माणसं.

आता महाड-पोलादपूरची अडचण बघा. मेंदूविकारतज्ज्ञासाठी पुणं-मुंबई गाठायची. तिथे पोचताना माणूस ऑन असेल की ऑफ, हा योगायोग. डॉक्टरांना दिसतात ती दहा मिनिटं. मुलगा म्हणतो, "बरं आहे." सून म्हणते, "रात्री कूस बदलता येत नाही." दोन्ही खरं, पण दोन्ही बखरीच. गोळीची वेळ त्यांवर कशी ठरवणार?

२००० साली रॉबर्ट हाउझर आणि सहकाऱ्यांनी घरी भरायची नोंदवही मांडली. दर अर्ध्या तासाला पाचांपैकी एका रकान्यात खूण : झोप, ऑफ, ऑन, त्रास न देणारी वळवळ, त्रास देणारी वळवळ. आम्ही हिलाच शकावली म्हणतो.

त्याला शाळेची जुनी वही पुरते. गोळीची वेळ लिहावी, जेवणाचीही. डाळ-मासे असतील तर तेही, कारण प्रथिनं गोळीची वाट अडवू शकतात. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे दोन-तीन दिवस भरले तरी चित्र दिसू लागतं. खूण मात्र त्या त्या वेळीच करावी. रात्री बसून दिवस आठवला, की शकावलीची बखर झालीच!

हात थरथरत असेल तर पेन घरच्यांनी धरावं, पण विचारून. जखडणं आतून कळतं. वळवळ पुष्कळदा बाहेरच्यालाच आधी दिसते. म्हणून ही वही दोघांची. गोळ्या आपण बदलायच्या नाहीत. वही डॉक्टरांपुढे ठेवायची आणि तिला बोलू द्यायचं.