घाटाच्या दोन बाजू आणि मैफलींच्या टेपा

गोव्याहून रेल्वेने धारवाडला निघालात की दूधसागर मागे पडतो आणि गाडी कॅसलरॉकला पोचते. हे स्टेशन जोयडा तालुक्यात. (तालुक्याचे जुने नाव सुपा, ते सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले.) 1888 साली हा मार्ग सुरू झाला. पोर्तुगीज अमदानीत सरहद्दीची जकात तपासणी इथेच व्हायची.

या घाटाच्या एका बाजूला फोंड्यातले केरी, दुसऱ्या बाजूला धारवाडजवळचे मन्सूर. केरीच्या केसरबाई केरकर खुद्द अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे. घराणे एकच, जयपूर-अत्रौली. पण जुन्या मैफली जमवणाऱ्या माणसाचे कपाट उघडून बघा. मन्सूरांच्या टेपा रांगेने, आणि केसरबाईंच्या? हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

1946 साली गेलेल्या अल्लादिया खाँचा तर आवाजच कुठे मुद्रित नाही. केसरबाईंच्या 78 च्या तबकड्या आहेत, पण तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. अनवट राग तासभर उलगडत नेणारी ही गायकी, तिला एवढ्याशा जागेत कोंबायचे म्हणजे घागरीत समुद्रच की! बाई ध्वनिमुद्रणाबाबत फार काटेकोर होत्या. मैफलीत यंत्र लावू देत नसत, असे जुने रसिक सांगतात. गंमत अशी की 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, तीही अशीच साडेतीन मिनिटांची. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या ब्लूज गिटारवादकाचेही एक मुद्रण आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

मन्सूरांचे नशीब वेगळे. त्यांचे नाव देशभर झाले ते उतारवयात, आणि तोवर स्पूलचे टेपरेकॉर्डर रसिकांच्या घरी आले होते. सात इंची स्पूलवर 1200 फूट टेप. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने एका बाजूला तासभर गाणे मावते. पुढे कॅसेट आली आणि ते आणखी सोपे झाले. खट, शिवमत भैरव, बिहारी, सावनी... एकाच रागाच्या चार-चार मैफली लोकांनी जमवल्या. बाहेरचा माणूस विचारतो, 'चार कशाला?' कारण चारही वेळा गाणे वेगळे होते. कुठे तबलजीशी जमले नाही, कुठे एखादी तान अशी उठली की समोरच्या माणसाची 'वाः' टेपवर गाण्याइतकीच ठळक उमटली. स्टुडिओत हे घडत नाही.

हे वेड आपल्यापुरतेच आहे असे समजू नका. ब्लूज-रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 1970 साली वारला. 1998 साली त्याच्या कुटुंबाच्या कंपनीने 'डॅगर रेकॉर्ड्स' हे वेगळे लेबल काढले, केवळ निष्ठावंत संग्राहकांसाठी. त्यावर पहिली आली ती ओकलंडची 27 एप्रिल 1969 ची मैफल, आणि ती टेप केली होती श्रोत्यांतल्या एकाने! आवाज कच्चा, पण घेणाऱ्यांना तोच हवा होता.

आता प्रश्न उरतो संमतीचा. केसरबाईंनी 'नको' म्हटले असेल तर ते कलावंताच्या हक्काचे होते, आणि लपूनछपून यंत्र लावणे मला पटत नाही. पण झालेल्या टेपा कपाटात कुजू देणे त्याहून वाईट. आपल्याकडचा पावसाळा टेपेला मानवत नाही. बुरशी धरते, लेप सुटतो, यंत्रावर चढवली की खरडून निघतो. त्यात काही संग्राहकांची खोड अशी की 'माझ्याकडे आहे' हे सांगण्यातच त्यांना आनंद. प्रत मागितली की विषय बदलतात. मग एक दिवस ते गृहस्थ जातात आणि घर रंगवताना खोकी रद्दीत जातात. राग ओळखता न येणाऱ्या मुलांना दोष तरी कसा द्यायचा? डब्यावर काही लिहिलेलेच नसते.

तुमच्या घरी अशा टेपा असतील तर आधी डब्यावर तारीख, गाव, राग आणि साथीदारांची नावे लिहा. गाणारा आवाजावरून ओळखता येतो, तबलजी आणि हार्मोनियमवाला पुढच्या पिढीला ओळखता येणार नाही. मग प्रत करा, एक नव्हे, दोन. आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा.